राग आणि दरफाळणीचा सण

राग येणे पाप नव्हे. काहीतरी खुपले, एवढेच तो सांगतो. पण रागात छाती धडधडते आणि जीभ विचाराच्या पुढे धावते. देवाने मोशेला खडकाशी बोलायला सांगितले. त्याने लोकांवर चिडून खडकाला दोनदा काठी मारली. पाणी आले, पण वचनदत्त देश हुकला (गणना, अध्याय २०).

म्हणून आधी गप्प राहावे, चार पावले चालावे. मग काय खुपले ते शांतपणे सांगावे. गिळलेला राग आत कुजतो.

दारे लावून उपास धरायचा दरफाळणीचा सण, म्हणजे योम किप्पूर, देवाविरुद्धचे अपराध धुतो. दुखावलेल्या माणसाची माफी मात्र त्याच्याकडेच मागावी लागते. त्या दिवसांत नेपरव्हिलमध्ये रात्रीचे ९ म्हणजे ठाण्यात सकाळचे ७.३०. अबोला धरलेल्या भावाला सणाआधी तेव्हा फोन करावा.