वादळ जाते, तवंग राहतो

मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळात मुंबईलगतच्या समुद्रात उभ्या असलेल्या अनेक बार्जेसचे नांगर निसटले. 'पी-३०५' बुडाला. 'गाल कन्स्ट्रक्टर' वाहत वाहत पालघर जिल्ह्यात वडराईजवळच्या खडकांत अडकला. त्यावरच्या १३७ जणांची सुटका झाली; पण टाक्यांमधले डिझेल समुद्रात झिरपू लागले, आणि तेही मासेमारीवर जगणाऱ्या गावांसमोर.

डिझेल हलके असते. उन्हावाऱ्यात त्याचा बराचसा भाग काही दिवसांत उडून जातो, त्यामुळे किनाऱ्यावर काळा थर दिसत नाही आणि नुकसान नजरेत भरत नाही. मात्र त्याआधी जे घटक पाण्यात विरघळतात, तेच माशांच्या अंड्यांना आणि पिल्लांना सर्वाधिक घातक ठरतात. जहाजांचे जड इंधन वेगळे वागते. लाटांनी घुसळून त्यात पाणी शिरते आणि मूळ तेलाच्या तीन-चार पट फुगलेला तपकिरी लगदा तयार होतो. त्याचेच पुढे डांबरगोळे होतात. कोकण-गोव्याच्या पुळणींवर ते पावसाळी वाऱ्यांबरोबर दरवर्षी येतात. त्यासाठी वादळच व्हावे लागते असे नाही.

उलट खुल्या समुद्रात वादळ तेल पुसूनही टाकते. जानेवारी १९९३ मध्ये शेटलंड बेटांपाशी 'ब्रेअर' जहाजातून सुमारे ८५,००० टन हलके कच्चे तेल सांडले. उधाणलेल्या लाटांनी ते बारीक थेंबांत फोडून पाण्यात पसरवले. काही तेल तळाच्या गाळात गेले, पण किनारा त्या मानाने फारच कमी माखला.

खाडीत अशा लाटा नसतात. भरती तेल आत आणते, ओहोटी ते चिखलावर टाकून जाते. चिखलातून वर डोकावणाऱ्या तिवरांच्या श्वसनमुळांची छिद्रे त्याने बुजतात आणि झाड गुदमरते. गाळात थोडे खाली प्राणवायू जवळजवळ नसतोच. तेल खाणारे जिवाणू तिथे मंदावतात आणि तेल वर्षानुवर्षे टिकते.

तेल वस्तीत शिरते ते पुराच्या पाण्यावरून. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या वेळी चेन्नईजवळ मणलीच्या औद्योगिक भागातले तेल एन्नोर खाडीत आणि तिथल्या कोळ्यांच्या घरांत पोहोचले. २००५ च्या कॅटरिना वादळात अमेरिकेतल्या मेरो गावी तेलाची अर्धवट भरलेली टाकी पुराने जागेवरून उचलली. सुमारे २५,००० पिंपे तेल सांडून १,८०० घरे माखली. म्हणूनच वादळाचा इशारा मिळताच टाक्या तेलाने किंवा पाण्याने भरून जड कराव्या लागतात.

एकदा तेल पसरले की उपाय थोडेच. उंच लाटांत तरंगते अडसर निरुपयोगी ठरतात. पुळणीवरचे तेल फावड्याने उचलता येते. तिवरांत माणसे उतरली तर पायांखाली ते आणखी खोल रुतते, म्हणून तिथे बहुधा भरती-ओहोटीवरच सोपवले जाते.