साडेचारचा कट्टा

बँकेतील छत्तीस वर्षांच्या सेवेनंतर जून २०१९ अखेर मी निवृत्त झालो, तेव्हा निरोप समारंभात अनेकांनी एकच प्रश्न विचारला, "आता वेळ कसा घालवणार?" मी हसून वेळ मारून नेली, पण खरे उत्तर माझ्यापाशी नव्हते. बदलीच्या गावांत सहकारी पुष्कळ लाभले. मात्र खुर्ची सुटली की त्यांतील बहुतेक नाती दिवाळीच्या शुभेच्छांपुरती उरतात, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. आम्ही उभयतांनी सांगलीला, गावभागातील वडिलोपार्जित घरी परतायचे ठरवले. उत्तर तिथेच माझी वाट पाहत होते.

१९७५ साली महाराष्ट्रात नव्या पद्धतीची दहावीची परीक्षा प्रथमच झाली. त्या पहिल्या तुकडीत एका बाकाच्या आगेमागे बसलेले आम्ही पाच जण. पुढे एक शिक्षक झाला, एक एसटीच्या कार्यशाळेत लागला, एकाने औषधाचे दुकान काढले, एकाने वडिलांची हळदीची अडत सांभाळली आणि मी एम.कॉम. करून बँकेत गेलो. गावी राहिलेल्या मित्रांनी आपला कट्टा कधी मोडू दिला नव्हता. रोज दुपारी साडेचारला कृष्णेच्या घाटावर जमायचे, हा नियम. आमच्यापैकी दोघे सूर्यास्तापूर्वी भोजन करणारे असल्यामुळे ही वेळ ठरली होती आणि इतरांनी ती विनातक्रार आपली मानली होती.

आमच्या फेरफटक्यात अद्भुत असे काहीही नसते. कधी घाटावरून गणपती मंदिरापर्यंत, कधी आमराईत दोन फेऱ्या. आठवड्यातून दोनदा मात्र हरिपूरची वारी ठरलेली. तीन-चार किलोमीटरची ती वाट, दुतर्फा जुनी चिंचेची झाडे आणि शेवटी संगमेश्वराचे मंदिर. तेथे कृष्णा आणि वारणा एकमेकींना भेटतात. 'संगीत शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल याच हरिपूरचे, ही गोष्ट आमचे शिक्षक मित्र दर खेपेस नव्याने सांगतात आणि आम्हीही ती नव्याने ऐकतो. पायऱ्यांवर बसून भडंगाची पुडी सोडायची, कोणाचे गुडघे, कोणाची साखर, कोणाच्या नातवाचे गुण यांची विचारपूस करायची आणि उन्हे कलू लागली की परत फिरायचे. एवढाच तो कार्यक्रम.

परंतु वाचकहो, या कट्ट्यावर बसण्याचा माझा हक्क मी एकदा जवळजवळ गमावला होता. ती हकीकत सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

१९९६ साली मी सांगलीतीलच एका शाखेत कर्जविभाग पाहत होतो. आमच्या अडत्या मित्राने हळदीच्या साठ्यावरील कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागितली. त्या काळी हरिपूर परिसरात हळद पेवांत साठवत. जमिनीच्या पोटात खोदलेल्या, अरुंद तोंडाच्या या कोठारांत हळद टिकते उत्तम, पण पेवाचे तोंड एकदा बंद झाले की आतील माल मोजणार कसा? कागदावरील पोती आणि प्रत्यक्ष दिसणारी पोती यांचा मेळ बसेना. मी नियमानुसार अर्ज नामंजूर केला आणि तसे पत्र शिपायाकरवी त्याच्या पेढीवर पाठवून दिले.

त्या हंगामात त्याला राहते घर गहाण ठेवावे लागले. त्याने मला बोल लावला नाही. त्याने माझ्याशी बोलणेच सोडले. पुढे माझी बदली झाली आणि मौनाची तेवीस वर्षे उलटली. निवृत्तीनंतर मी कट्ट्यावर जाऊ लागलो तेव्हाही तो एका टोकाला बसे आणि मी दुसऱ्या. मधले तिघे दोन्ही बाजूंना बोलत राहत.

त्यानंतर जेमतेम सव्वा महिन्यात ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. आयर्विन पुलापाशी पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. गावभागातील आमच्या घराच्या पायऱ्या एकामागून एक बुडत होत्या. आम्ही दोघे बॅग भरून जिन्यात बसलो असताना दारात ट्रॅक्टर येऊन थांबला. गुडघ्याच्या वर पाण्यातून तो चालत आत आला आणि एवढेच म्हणाला, "वहिनी, चला. औषधं घेतली का?" विश्रामबागेतील त्याच्या घरी आम्ही अकरा दिवस राहिलो. त्या अकरा दिवसांत १९९६ चा विषय एकदाही निघाला नाही.

पूर ओसरल्यावर हरिपूरच्या वाटेवर मीच तो काढला. म्हणालो, "निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही. पण ते पत्र..." त्याने मध्येच थांबवले. "साठा कमी होता, हे मलाही ठाऊक होतं रे. तू नाही म्हणालास त्याचं काही नव्हतं. घरी येऊन म्हणाला असतास तर दोघांनी मिळून वाट काढली असती. तू शिपाई पाठवलास." मला उत्तर सुचले नाही. काही वेळाने त्यानेच भडंगाची पुडी पुढे केली.

नियम पाळणे हे माझे कर्तव्यच होते. परंतु नियम मित्राच्या दारात जाऊन सांगण्याचे धैर्य माझ्यात नव्हते आणि त्या भित्रेपणाला मी तेवीस वर्षे शिस्त म्हणत आलो.

हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली सुरू झालेला आणि अद्याप चालू असलेला एक दीर्घ अभ्यास सांगतो, की उतारवयातील आरोग्य आणि समाधान यांचा जिव्हाळ्याच्या नात्यांशी निकटचा संबंध असतो. आमच्या औषध दुकानदार मित्राला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणूनच माझं दुकान चालत नाही!"

आणखी एक सुधारणा नमूद केली पाहिजे. सौ. एकदा म्हणाली, "तुम्हाला कट्टा आहे, आमचं काय?" प्रश्न रास्त होता. लग्न होऊन आलेल्या स्त्रीच्या बालमैत्रिणी माहेरच्या गावी राहून जातात, याचा विचार आम्ही पाचांनी कधी केलाच नव्हता. आता रविवारी पाचही घरे एकत्र फिरायला निघतात. इतर दिवशी महिलांचा कट्टा आमराईत स्वतंत्र भरतो आणि त्यांचे हसणे आमच्यापेक्षा मोठे असते.

आपल्यापैकी कोणाच्या मनात असाच एखादा मित्र, एखादी मैत्रीण अबोल्यात अडकून पडली असेल, तर माझी विनंती एवढीच आहे. पत्र नको, निरोप नको. स्वतः त्यांच्या दारी जावे. मला ते साधले नाही. माझ्या दारी पुराच्या पाण्यातून त्याला यावे लागले.

हे लिहिता लिहिता सव्वाचार झाले. खालून हाक येते आहे. आज हरिपूरचा वार आहे.