शेळीची लस, गाईला आधार

माणसांच्या आरोग्याच्या पानावर जनावराचा आजार कशाला, असे कुणी विचारील. पण सातारा-सांगलीकडे जमीन नसलेल्या कितीतरी घरांचा आधार दावणीची एखादी गाय असते. मुलांची फी, बचत गटाचा हप्ता, आजारपणाचे औषध तिच्या दुधावर निघते. ती गेली की घरच आजारी पडते.

२०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ महाराष्ट्रभर पसरली. ताप, अंगभर गाठी, पायांना सूज, दूध आटणे ही त्याची लक्षणे. माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंतच्या खिलार जनावरांच्या मुलखातही धास्ती बसली. त्या वेळी लम्पीसाठी खास बनवलेली लस बाजारात नव्हती. मग वापरली ती शेळ्यांच्या देवीवरची, म्हणजे गोट पॉक्सची लस.

हे कसे चालते? लम्पी, शेळ्यांची देवी आणि मेंढ्यांची देवी यांचे विषाणू एकाच कुळातले आहेत. एकाची ओळख झाली की शरीर दुसऱ्यालाही बऱ्याच अंशी ओळखते. ही युक्ती जुनीच आहे. १७९६ साली एडवर्ड जेन्नर यांनी गाईच्या सौम्य देवीचा द्रव टोचून माणसाला देवीपासून वाचवता येते हे दाखवले. १९८० साली देवी जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. तेव्हा गाईने माणसाला वाचवले, आता शेळीची लस गाईच्या कामी आली.

मात्र उसनी लस पूर्ण संरक्षण देत नाही. म्हणून हिसार आणि इज्जतनगरच्या संशोधन संस्थांनी लम्पीच्याच विषाणूपासून 'लम्पी-प्रोव्हॅक-इंड' ही लस तयार केली. ती ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाली आणि पुढे तिचे तंत्रज्ञान पुण्याच्या पशुजैव पदार्थ निर्मिती संस्थेला देण्यात आले.

आपण काय करायचे?

- लस निरोगी जनावराला द्यायची असते. टोचल्यावर ताकद यायला साधारण तीन आठवडे लागतात. साथ दारात येण्याची वाट पाहू नका.
- प्रत्येक जनावराला वेगळी सुई हवी. तसा आग्रह धरा.
- डास, माशा, गोचीड हा रोग पसरवतात. गोठा कोरडा ठेवा, आजारी जनावर वेगळे बांधा.
- लम्पी माणसाला होत नाही. दूध मात्र नेहमीप्रमाणे उकळूनच प्या.
- गाठी दिसताच अंगारा-धुपारा न करता पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ वर फोन करा.
- साथीनंतर जन्मलेली वासरे लसीविना राहतात. त्यांची नोंद करून घ्या.

२०२२ च्या साथीत सरकारने दगावलेल्या दुधाळ गाईसाठी ३०,००० रुपये, बैलासाठी २५,००० आणि वासरासाठी १६,००० रुपये मदत ठरवली होती. पण वेळेवर टोचलेली लस फुकट असते आणि गाय दावणीलाच राहते. वस्तीतल्या ज्या घरी एकच गाय आहे, त्या घरी आधी विचारा : लस झाली का?