कॉम्प्युटर बंद पडतो? एसएमपीएस बदलण्याआधी भिंतीतला बोर्ड तपासा



नालासोपारा पूर्वेला आमच्या ओळखीच्या एका घरात बारावीतल्या मुलाने कॉम्प्युटर स्वतः जोडला. सुटे भाग ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून आणले, पैसे अम्मीच्या भिशीचे. दिवसा मशीन नीट चालायचं. मगरिबनंतर घरातले दिवे, पंखे, मिक्सर सुरू झाले की मध्येच बंद. दुकानदार म्हणाला, एसएमपीएस गेला. नवा टाकला, आठवड्याने तेच. आणखी एक टाकला, तरी तेच. शेवटी वायरमनने भिंतीतला बोर्ड उघडला. न्यूट्रलचा स्क्रू सैल होता, वायरचं टोक काळं पडलेलं, प्लास्टिक वितळायला लागलेलं. दोन एसएमपीएसचे पैसे गेलेच, पण हे लक्षात आलं नसतं तर बोर्डाने पेटही घेतला असता.

म्हणून हा लेख. वसई-विरारमध्ये आपली बरीच मुलं अभ्यासासाठी, डिझाइनच्या कामासाठी घरीच कॉम्प्युटर असेंबल करतात. तो बिघडला की सगळ्यात आधी संशय एसएमपीएसवर जातो. आमचं म्हणणं एवढंच, की तपासणी भिंतीपासून सुरू करा आणि मग आत जा.

एसएमपीएस करतो काय?

घरात येणारी वीज 230 व्होल्टची, एसी. कॉम्प्युटरला लागते 12, 5 आणि 3.3 व्होल्टची डीसी. हा बदल करणारा लोखंडी डबा म्हणजे एसएमपीएस. सगळे व्होल्टेज ठीक झाले की तो मदरबोर्डला तसा सिग्नल देतो, मगच मशीन सुरू होतं. कुठे शॉर्ट झाला किंवा लोड वाढला, तर चांगला एसएमपीएस स्वतःहून बंद होतो. म्हणजे तो बंद पडला याचा अर्थ तो खराब झाला, असा होत नाही. कधी कधी तो आपलं काम चोख करत असतो.

पहिली पायरी: भिंत

त्याच सॉकेटला टेबल लॅम्प लावून बघा. लुकलुकतो का? प्लग गरम होतो का, चरचर आवाज येतो का, जळका वास येतो का? यातलं काहीही दिसलं तर तो सॉकेट वापरू नका. एका एक्स्टेंशनला दुसरं एक्स्टेंशन जोडायची सवय सोडा.

घरातले काही दिवे फार प्रखर आणि काही मंद झाले, पंखा अचानक जोरात फिरू लागला, तर इमारतीचा न्यूट्रल तुटलेला असू शकतो. अशा वेळी घरात 230 पेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज येतं. ताबडतोब मेन स्विच बंद करा आणि महावितरणच्या 1912 या नंबरवर कळवा.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या?

जुन्या चाळींत, वाढीव बांधकामांत ही तक्रार नेहमीची. एसएमपीएसमध्ये एक फिल्टर असतो. त्यातून किंचित करंट अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायला हवा. अर्थिंग नसेल तर तो कॅबिनेटच्या पत्र्यावर थांबतो आणि आपल्याला झिणझिण्या येतात. एसएमपीएस बदलून हे थांबत नाही. आज नुसत्या झिणझिण्या आहेत, पण उद्या आत खरोखर काही बिघडलं तर त्याच पत्र्यावर पूर्ण 230 व्होल्ट येतील आणि करंटला जायला वाट नसेल. ओल्या पायाने लहान मूल तिथे गेलं तर काय होईल, हे सांगायची गरज नाही.

वायरमनला मीटर लावायला सांगा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात अगदी कमी व्होल्टेज दिसलं पाहिजे, साधारण पाचच्या आत. अर्थिंगची वायर नळाला किंवा न्यूट्रलला जोडायचा जुगाड कुणालाही करू देऊ नका. मेन बोर्डात 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळू लागला की तो लगेच लाईन तोडतो.

लाईट गेली की रीस्टार्ट

पावसाळ्यात लाईट ये-जा करते. घरात इन्व्हर्टर असूनही कॉम्प्युटर रीस्टार्ट होत असेल, तर इन्व्हर्टरवरचा मोड बघा. वीज गेल्यावर एसएमपीएस साधारण 16 मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर बॅटरीवर जायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. स्विच यूपीएस मोडवर करा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

वेगळा यूपीएस असेल तर हिशोब बघा. 600 व्हीए म्हणजे 600 वॅट नव्हे, अनेकदा 360 वॅटच. मोठं ग्राफिक्स कार्ड लावलं असेल तर तो लाईट जाताच हात टेकेल.

आता कॅबिनेटच्या आत

प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, मगच झाकण उघडा.

पंखे फिरतात पण स्क्रीनवर काही नाही? प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनची वेगळी वायर बघा. नव्याने जोडणारे ती हमखास विसरतात. ग्राफिक्स कार्डची वायरही नीट बसली आहे का बघा.

काहीच सुरू होत नाही? एसएमपीएसच्या मागचा स्विच चालू आहे का? तिथे 115/230 असा लाल स्विच असेल तर तो 230 वरच हवा. 115 वर ठेवून आपल्याकडे प्लग लावला तर एसएमपीएस जळतो. मदरबोर्डखालच्या पितळी खुंट्या जागच्या जागी आहेत ना, एखादा स्क्रू खाली घरंगळला नाही ना, तेही बघा.

एसएमपीएस एकटा तपासायचा असेल तर त्याच्या सगळ्या वायरी मशीनमधून काढा. प्लग बंद असतानाच 24 पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरशी क्लिपने जोडा. वायरी सगळ्या काळ्याच असतील तर हिरव्याची जागा म्हणजे 16 नंबरची पिन. मॅन्युअलमध्ये बघूनच जोडा. मग प्लग लावा. पंखा फिरला म्हणजे तो सुरू होतो, एवढंच कळतं. पक्कं उत्तर मल्टिमीटर देतो: पिवळ्या वायरवर 11.4 ते 12.6, लालवर 4.75 ते 5.25, नारिंगीवर 3.14 ते 3.47 व्होल्ट. याबाहेर आकडा गेला तर एसएमपीएस बदलायचा.

दोन गोष्टी मात्र कधीच करू नका. पहिली, एसएमपीएसचा डबा उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही 300 व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. दुसरी, वायरी सुट्या होणाऱ्या एसएमपीएसमध्ये दुसऱ्या मॉडेलच्या वायरी लावू नका. टोक सारखं दिसतं, पण पिनांचा क्रम वेगळा असतो. हार्ड डिस्क जळते आणि त्यातला सगळा अभ्यास जातो.

पावसाळ्याची काळजी

जुलै 2018 मध्ये वसई-विरारच्या कितीतरी तळमजल्यांत पाणी शिरलं, ते आपण विसरलेलो नाही. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. पाणी लागलेलं मशीन पुसून लगेच सुरू करू नका. पूर्ण वाळवा, तपासून घ्या. खाडीकाठच्या दमट हवेत धूळ चिकटून बसते आणि जाळीतून झुरळं, पाली आत शिरतात. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी मशीन बंद करून जाळी ब्रशने साफ करा.

इसराफ म्हणजे फक्त दावतीतलं अन्न टाकणं नव्हे. न तपासता चांगली वस्तू फेकून नवी आणणं हाही इसराफच. दुकानदाराला सांगा, भाई, बदलण्याआधी मीटर लावून आकडा दाखवा. दुरुस्तीला आलेली वस्तू ही अमानत असते. प्रामाणिक कारागीर यावर रागावणार नाही.

आणि वर सांगितलेलं घर? तिथे बोर्ड बदलला, नवी अर्थिंग घेतली. मशीनमध्ये आता पहिलाच, ‘खराब’ म्हणून काढलेला एसएमपीएस बसवला आहे, आणि तो अल्हम्दुलिल्लाह नीट चालतोय.