चाकांवरचे घर आणि त्याची स्वच्छता

घर स्वच्छ ठेवावे, हा उपदेश आपण सर्वांनीच लहानपणापासून ऐकला आहे. परंतु घरालाच चाके लावून कोणी परमुलखात प्रवासास निघाला, तर ते स्वच्छ कसे ठेवावे, आणि झाडलेला केर व धुतलेले पाणी टाकावे तरी कोठे? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. तथापि त्याचा विचार करू लागले म्हणजे स्वच्छता या शब्दाचाच अर्थ अधिक स्पष्ट होतो, असे आम्हांस वाटते. म्हणून विद्यार्थिमित्रांसाठी व त्यांच्या पालकांसाठी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

युरोपात मोटारीच्या मागे एक लहानसे घर जोडून सहकुटुंब हिंडण्याची चाल आहे. या घरास कॅरॅव्हॅन म्हणतात. निजण्याची बाके, चूल, मोरी, शौचकूप, सर्व काही त्यात असते. हौसेखातर अशा घरातून प्रवास करण्याचा पायंडा पाडणाऱ्यांत डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांचे नाव प्रथम घेतात. हे गृहस्थ पूर्वी आरमारात शल्यवैद्य होते व पुढे मुलांसाठी साहसकथा लिहीत असत. १८८५ साली त्यांनी 'वाँडरर', म्हणजे 'भटक्या', नावाची आपली गाडी दोन घोडे जुंपून इंग्लंडातील ट्वायफर्ड गावाहून स्कॉटलंडातील इनव्हर्नेसपर्यंत नेली. पुढे घोड्यांची जागा मोटारीने घेतली. धूळ व चिखल मात्र होते तेच राहिले.

गाडी स्वच्छ ठेवण्याचे पहिले कारण शोभा नव्हे, सुरक्षितता होय. उन्हाळ्यात वेगाने जाताना समोरच्या काचेवर असंख्य किडे आपटून चिकटतात. मावळता सूर्य समोर आला म्हणजे अशा काचेतून रस्ता दिसेनासा होतो. मागील दिव्यांवर चिखल बसला, तर आपण गाडी थांबवीत आहो हे मागून येणाऱ्यास कळत नाही. यास्तव काचा, आरसे, दिवे व क्रमांकाची पाटी ही रोज सकाळी निघण्यापूर्वी साफ करण्याचा नेम ठेवावा. हिवाळ्यात आल्प्स पर्वतातील रस्त्यांवर बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात. ते गाडीच्या तळाशी चिकटून लोखंड गंजविते. म्हणून घाट उतरल्यावर तळ साध्या पाण्याने धुवून घेणे इष्ट असते.

धुण्याचीही एक रीत आहे. वाळलेली धूळ कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये. तीतील बारीक कण रंगावर ओरखडे पाडतात. प्रथम ती पाण्याने भिजवावी, मग स्पंजाने हलक्या हाताने काढावी. जवळ दोन बादल्या असाव्यात : एकीत साबणाचे पाणी, दुसरीत स्पंज खळबळण्यासाठी साधे पाणी. कॅरॅव्हॅनच्या खिडक्या बहुधा काचेच्या नसून अ‍ॅक्रिलिक नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात. त्यांना स्पिरिट लावल्यास बारीक तडे जातात. पाण्याचा जोराचा फवारा सांध्यांवर मारला, तर पाणी भिंतीत शिरते आणि आतील लाकूड कोणाच्या ध्यानी न येता कुजते. आतल्या बाजूस ओलावा हाच मोठा शत्रू होय. जोडे दाराशीच काढावे, ओले कपडे आत वाळत घालू नयेत आणि स्वयंपाक चालू असता खिडकी थोडी उघडी ठेवावी, म्हणजे बुरशी धरत नाही.

आता सांडपाण्याचा विचार करू. पिण्याचे पाणी, भांडी धुतलेले पाणी व शौचकुपातील मैला, ही तिन्ही या घरात वेगवेगळ्या टाक्यांत साठवितात. पिण्याचे पाणी भरण्याची नळी दुसऱ्या कोणत्याही कामास वापरू नये. शौचकुपाची टाकी मुक्कामाच्या तळावर त्यासाठी नेमलेल्या जागीच रिती करावी. तीत घालावयाची काही औषधे इतकी जालीम असतात की, मैला कुजविणारे उपयुक्त जंतूदेखील त्यांनी मरतात.

आणि गाडी धुवावी कोठे? जर्मनीत पुष्कळ गावी रस्त्यावर किंवा कच्च्या जमिनीवर गाडी धुण्यास मनाई आहे. गाडीवरचे तेल व वंगण पाण्याबरोबर जमिनीत मुरते, नाहीतर पावसाच्या गटारातून थेट ओढ्यास मिळते. म्हणून तेल वेगळे काढण्याची सोय असलेल्या धुलाईकेंद्रातच गाडी न्यावी लागते.

चिखलाबरोबर केवळ माती जात नाही, सजीवही जातात. न्यूझीलंडातही असा प्रवास लोकांस फार प्रिय आहे. तेथील दक्षिण बेटावरील वायाऊ नदीत २००४ साली डिडिमो नावाचे सूक्ष्म शेवाळ आढळले. ते दगडांवर जाड थरांनी पसरते. होडी, मासेमारीचे बूट, किंबहुना पाण्याचा एक थेंबसुद्धा त्यास दुसऱ्या नदीत नेण्यास पुरतो. म्हणून तेथे प्रवाशांसाठी तीन शब्दांचा नियम आहे : तपासा, धुवा, वाळवा. वस्तू हातास कोरडी लागल्यावरही आणखी ४८ तास तशीच ठेवून मगच दुसऱ्या पाण्यात न्यावी, असे तेथे सांगतात.

या सर्वांचा मथितार्थ एवढाच की, आपल्या अंगणातील केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटणे ही स्वच्छता नव्हे. परदेशी गेलेला प्रवासी हा पाहुणा असतो. तो गेल्यावर मुक्कामाची जागा कशी दिसते, यावरून यजमान त्याची परीक्षा करतो. परंतु या परीक्षेसाठी समुद्र ओलांडण्याची गरज नाही. आपल्याकडेही नदीच्या पात्रात मोटारी उभ्या करून धुतलेल्या आपण पाहतो. मोटार लखलखीत होऊन निघून जाते; तिचे तेल मात्र खालच्या घाटावर पाणी भरणाऱ्याच्या घागरीत उतरते. पुढच्या सहलीत आपली गाडी अशी नदीत उतरू लागली, तर चालकास नम्रपणे दोन शब्द सांगण्याचे धैर्य आमच्या वाचकांनी दाखवावे, म्हणजे हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.