पाणी तपासताना – लेखांक ९ : न दिसणाऱ्या चिकट कणांचं मोजमाप

मागच्या आठवड्यात आपण जैवपटलाबद्दल बोललो. पाण्याच्या टाकीच्या आतल्या भिंतीवर हात फिरवला की बुळबुळीत लागतो तो थर. हा थर जिवाणूंच्या वसाहतीचा, ते आपल्याभोवती चिकट द्राव सोडून पृष्ठभागाला धरून राहतात, इथवर आलो होतो. पण वसाहत बसायच्या आधी काय होतं? बराच काळ असं मानलं जायचं, की एकेकटा जिवाणू पोहत येतो, बसतो, वाढतो. त्याच्याआधी पाण्यात चिकट पदार्थाचे सुटे कण तयार असतात आणि पुष्कळदा तेच पहिल्यांदा जाऊन चिकटतात, हे लक्षात यायला वेळ लागला. कारण साधं होतं. हे कण पारदर्शक असतात. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला तरी आरपार दिसतं, आणि गढूळपणा मोजणाऱ्या यंत्रालाही त्यांची फारशी दखल घेता येत नाही.

१९९३ साली अ‍ॅलिस ऑलड्रेज, उटा पॅसो आणि ब्रूस लोगन यांनी समुद्राच्या पाण्यात हे कण रंगवून दाखवले. त्यांनी दिलेलं नाव लांबलचक आहे, ट्रान्सपरंट एक्सोपॉलिमर पार्टिकल्स. आपण टीईपी म्हणू. शेवाळं आणि जिवाणू बाहेर टाकतात त्या आम्लधर्मी शर्करांच्या साखळ्या एकमेकींत गुंततात, कॅल्शियमसारखे आयन त्यांना सांधतात आणि मऊ जेलीचा कण बनतो. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही तिथल्या उपसागरातल्या टीईपीचा अभ्यास झाला आहे. आपला विषय मात्र गोडं पाणी, त्यामुळे किनेरेत सरोवराकडे वळू.

इस्रायलमधलं हे सरोवर समुद्रसपाटीपेक्षा दोनशेहून अधिक मीटर खाली आहे. १९६४ पासून त्याचं पाणी उपसून राष्ट्रीय जलवाहिनीतून दक्षिणेकडे नेलं जाऊ लागलं. पूर्वी दर वसंतात पेरिडिनियम नावाच्या शेवाळाने ते तपकिरी व्हायचं; नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून तो बहर बेभरवशाचा झाला. सरोवराकाठच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या टॉम बर्मन यांनी २००१ साली या पाण्यातल्या शर्करायुक्त आणि प्रथिनयुक्त कणांवर लेख लिहिला. पुढे त्यांनी एक मुद्दा लावून धरला : पाणी गाळणाऱ्यांनी गढूळपणा आणि जिवाणूंची संख्या पाहून थांबू नये, टीईपीही मोजावेत, कारण गाळणपटलं चोंदायला ते हातभार लावतात. २०१२ साली एडो बार-झेव आणि सहकाऱ्यांबरोबरच्या शोधनिबंधात त्यांनी नव्या मांडणीचा आग्रह धरला : जिवाणूंनी आधीच व्यापलेला टीईपी कण म्हणजे तयार वसाहतच, तो आयता येऊन बसतो. घरचं आरओचं पटल बदलणाऱ्याला किंवा ठिबकच्या नळीतला चोक झालेला ड्रिपर टाचणीने टोकरणाऱ्या शेतकऱ्याला हे पटवून द्यावं लागणार नाही.

आता मोजायचं कसं? पॅसो आणि ऑलड्रेज यांनी १९९५ साली दिलेली पद्धत आजही पाया आहे. ०.४ मायक्रॉन छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट गाळणीवरून नमुना गाळायचा, आणि ओढ अगदी हलकी ठेवायची. घाई करून निर्वात पंप जोरात लावला, तर जेली दबून छिद्रांतून पार होते आणि आकडा उगाच कमी येतो. गाळणीवर राहिलेल्या थरावर अल्शियन ब्लू या रंगाचे काही थेंब टाकायचे, लगेच ओढून घ्यायचे, शुद्ध पाण्याने धुवायचं. हा रंग धनभारित, साधारण २.५ सामूला तो शर्करांवरच्या ऋणभारित गटांना धरून बसतो. मग निळी गाळणी ८० टक्के गंधकाम्लात दोन तास बुडवून ठेवायची, अधूनमधून हलवत. रंग आम्लात उतरतो. त्या द्रवातून ७८७ नॅनोमीटरचा, म्हणजे तांबड्याच्याही पलीकडचा प्रकाश सोडून तो किती शोषला गेला ते पाहायचं. सोबत एक कोरी गाळणीही तशीच रंगवायची, कारण गाळणीसुद्धा थोडा रंग धरते आणि तो वजा करावा लागतो.

इथवर सोपं वाटतं. खरी गंमत पुढे आहे. शोषण मिळालं, पण त्याचे मायक्रोग्रॅम कसे करायचे? टीईपी हा काही एक ठरावीक पदार्थ नाही, त्यामुळे शुद्ध टीईपीची बाटली कुठे विकत मिळत नाही. म्हणून झँथन गम घेतात, आइस्क्रीम आणि सॉस दाट करायला वापरतात तो. तो पाण्यात घोटून, गाळून, वजन करून रंगवला जातो आणि उत्तर लिहिलं जातं ‘लिटरमागे इतके मायक्रोग्रॅम झँथन-समतुल्य’. म्हणजे पाण्यात इतकं वजन आहे असं हा आकडा सांगत नाही. इतक्या झँथनने जेवढा रंग धरला असता तेवढा धरला गेला, एवढंच तो सांगतो. शिवाय अल्शियन ब्लू मुळात कापडासाठी बनलेला रंग. एका बाटलीतला रंग दुसरीसारखा निघेलच असं नाही, आणि द्रावण ठेवून दिलं की त्यात रंगाच्याच गुठळ्या होतात. त्यामुळे वापरण्यापूर्वी ते गाळायचं आणि नवी बाटली उघडली की झँथनची सगळी कवायत पुन्हा करायची. दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून या तलावापेक्षा तो तलाव चिकट, असं ठोकून देणाऱ्या अहवालांवर माझा म्हणूनच विश्वास बसत नाही. एकाच तलावाचे, एकाच हाताचे, वर्षभराचे आकडे मात्र फार बोलके असतात.

गोड्या पाण्यात आणखी दोन अडचणी येतात. पावसाळ्यात धरणात येणाऱ्या मातीचे कणही ऋणभारित असतात, रंग त्यांनाही लागतो. वर गाळणी लवकर बसते, त्यामुळे नमुना थोडाच घेता येतो. जुलैतल्या लालसर पाण्याचा आकडा फुगलेला निघाला तर आश्चर्य नको. दुसरी अडचण मायक्रोसिस्टिससारख्या नील-हरित शेवाळाची. त्याच्या जिवंत वसाहतीभोवतीच बुळबुळीत आवरण असतं आणि तेही निळं होतं. म्हणून रंगवलेली एखादी गाळणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायलाच हवी. सुटे निळे तुकडे कुठले आणि शेवाळाचं अंगचं आवरण कुठलं, हे तिथे डोळ्यांना कळतं. यंत्राला दोन्ही सारखेच.

राहिला प्रश्न ०.४ मायक्रॉनहून बारीक जेलीचा. ती गाळणीतून निसटते, मोजणीत येत नाही आणि पुढे आरओच्या पटलावर जाऊन बसते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट इथल्या युनेस्को-आयएचई संस्थेच्या गटाने यावर उपाय शोधला. लुइस व्हिलाकोर्ते आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली गोड्या आणि खाऱ्या दोन्ही पाण्यांसाठी सुधारित पद्धत मांडली. तिच्यात १० किलोडाल्टनचं पटल वापरतात, म्हणजे साध्या गाळणीतून सहज सुटणारे मोठे रेणूही त्यावर अडतात. या पटलातून पाणी जायला वेळ लागतो आणि खर्चही वाढतो. रोजच्या कामाला जलशुद्धीकरण केंद्राने ०.४ मायक्रॉनची गाळणी वापरावी आणि पटलं वारंवार चोंदू लागली की डेल्फ्टची पद्धत काढावी, असं मला वाटतं. गाळूनही निसटलेल्या या कणांचं करायचं काय, तुरटी त्यांना किती पकडते आणि क्लोरीन कुठे कमी पडतो, ते पुढच्या आठवड्यात.