मोठ्या फिश टँकसाठी फिल्टर घेताना

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जुम्मा मशिदीत मोठा हौद आहे आणि त्यात मासे आहेत. इतरही कितीतरी मशिदींच्या हौदांत मासे दिसतात आणि बहुतेक ठिकाणी ते फिल्टरवाचून मजेत जगतात. मग आपल्या दिवाणखान्यातल्या टाकीला फिल्टर कशाला, असे मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. हौदात पाणी भरपूर असते आणि मासे मोजके. घरातल्या काचेच्या पेटीत पाणी थोडे आणि मासे हौसेने घातलेले. तिथे पाण्याची घाण रोजच्या रोज निपटणारे काहीतरी हवेच.

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे 255 लिटर पाणी मावते. रेती, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर 220 लिटर उरते. फिल्टर निवडताना आपण हाच आकडा धरू.

फिल्टर नेमके काय करतो?

फिल्टर म्हणजे पाणी गाळणारे यंत्र, एवढेच आपण समजतो. पण गाळणे हे त्याचे दुय्यम काम आहे. माशांच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो, उरलेले खाद्य कुजूनही तो तयार होतो. या विषाला रंग नसतो. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते आणि मासे मात्र वर येऊन धापा टाकतात. फिल्टरमधल्या स्पंजवर आणि सिरॅमिकच्या नळ्यांवर वाढणारे जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच असते. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे बरेच सौम्य असते. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलले की नायट्रेट आटोक्यात राहते.

हे जिवाणू नव्या टाकीत रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पहिल्याच दिवशी वीस मासे आणू नयेत. दोन-चार काटक मासे सोडावेत आणि बाकीचे हळूहळू वाढवावेत.

खोक्यावरचा आकडा

टाकीतले सगळे पाणी तासाला चार ते सहा वेळा फिल्टरमधून फिरावे, असा ढोबळ हिशेब आहे. आपल्या टाकीसाठी तो तासाला 900 ते 1300 लिटर होतो. पण खोक्यावरचा आकडा बहुधा रिकाम्या फिल्टरचा असतो. आत स्पंज आणि नळ्या भरल्या, पाणी वर चढवावे लागले, की प्रवाह बराच कमी होतो. म्हणून थोडा वरचा आकडा घ्यावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आत जिवाणूंसाठी किती सामान मावते ते पाहावे. गोल्डफिश आणि ऑस्कर घाण जास्त करतात, त्यांना मोठा फिल्टर लागतो. फायटर माशाला जोराचा प्रवाह सोसत नाही.

कोणता घ्यावा?

स्पंज फिल्टर सर्वांत स्वस्त. हवेच्या पंपावर चालतो. मोठ्या टाकीला एकटा पुरत नाही, पण जोडीला फार उपयोगी.

मागे टांगायचा फिल्टर दोन-अडीच फुटी टाकीला उत्तम. चार फुटीला दोन लावावे लागतात.

टॉप फिल्टर टाकीवर आडवा बसतो. झाकण उघडले की साफ करता येतो आणि खिशाला परवडतो.

कॅनिस्टर म्हणजे खालच्या कपाटात ठेवायचा बंद डबा. सामान भरपूर मावते, आवाज कमी. किंमत जास्त आणि सफाईला वेळ लागतो.

संप म्हणजे खाली ठेवलेली दुसरी टाकी. क्षमता सर्वांत मोठी. पण वीज गेली की वरचे काही पाणी खाली येते. तेवढी जागा खाली रिकामी नसेल तर पाणी फरशीवर येते. म्हणून पहिल्याच दिवशी बटण बंद करून पाहावे.

चार फुटी टाकीसाठी आमची पसंती कॅनिस्टर आणि जोडीला एक स्पंज फिल्टर. बजेट कमी असेल तर टॉप फिल्टर आणि दोन स्पंज. 20 वॉटचा फिल्टर दिवसरात्र चालला तर महिन्याला सुमारे 15 युनिट वीज लागते.

वीज गेली तर

इथेच खरी परीक्षा असते. जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. बंद कॅनिस्टरमधला प्राणवायू काही तासांत संपतो आणि जिवाणू मरू लागतात. वीज आली की तेच कुजके पाणी टाकीत जाते. म्हणून बराच वेळ वीज गेल्यास कॅनिस्टरमधले पाणी ओतून द्यावे, सामान टाकीच्याच पाण्यात खळबळावे आणि मग सुरू करावे. हवेचा पंप इन्व्हर्टरवर घ्यावा किंवा बॅटरीचा छोटा पंप ठेवावा. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच. म्हणून एप्रिल-मेमध्ये जास्त जपावे. वीज नसताना खाद्य घालू नये.

हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा, नाहीतर नळीतून पाणी उलटे येते. टाकीत हात घालण्याआधी सगळी बटणे बंद करावीत. मुलांनाही हे शिकवावे.

ईदची सफाई

ईदच्या आधी घर घासूनपुसून निघते, त्यात फिल्टरचाही नंबर लागतो. स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत धुतला जातो, नळ्या धुतल्या जातात, पाणीही सगळे बदलले जाते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणूंना मारते आणि पाहुणे घरात असतानाच मासे एकेक करून मरू लागतात. काढलेल्या टाकीच्या पाण्यात स्पंज दोनदा पिळला तरी पुरे. एका वेळी अर्धेच सामान धुवावे. नवे पाणी घालताना अँटिक्लोरीन वापरावे.

दुकानात गेल्यावर तीन गोष्टी जरूर विचाराव्यात: आत सामान किती मावते, मोटारीचा पंखा आणि रबरी रिंग सुटी मिळते का, आणि सफाईसाठी फिल्टर कसा उघडतो. दुकानदाराला आपल्यासमोर एकदा उघडून दाखवायला सांगावे. जो फिल्टर घरातल्या कोणालाही सहज उघडता येतो, त्याचीच सफाई वेळेवर होते.